चिनी नभोवाणी : शांघायपासून खेड्यापर्यंत

चीनमधले पहिले नभोवाणी केंद्र जानेवारी १९२३ मध्ये शांघायला सुरू झाले, ते ऑसबॉर्न नावाच्या एका अमेरिकी उद्योजकाने काढलेले. बीजिंगच्या सरकारला ते मान्य नव्हते. काही महिन्यांतच ते बंद पडले. चिनी लोकांनी स्वतः उभारलेले पहिले केंद्र ऑक्टोबर १९२६ मध्ये हार्बिनला निघाले. पुढच्याच वर्षी शांघायच्या एका मोठ्या दुकानाने रेडिओ संच खपावेत म्हणून स्वतःचे केंद्र काढले. १९३० च्या दशकात त्या शहरात खासगी केंद्रांची गर्दी झाली. सुचौच्या बोलीत, तंतुवाद्यांच्या साथीने रंगणारी कथागायने लोक आवडीने ऐकत आणि मधूनमधून जाहिराती लागत.

राष्ट्रवादी पक्षाचे मध्यवर्ती केंद्र १ ऑगस्ट १९२८ रोजी नानजिंगमध्ये सुरू झाले. आधी ५०० वॅटचे असलेले हे केंद्र १९३२ मध्ये ७५ किलोवॅटचे झाले. जपानी आक्रमणानंतर या पक्षाचे सरकार चोंगचिंगला हलले आणि तिथून लघुलहरींवर जगाशी बोलू लागले. युद्धकाळात लंडनहून बीबीसी चिनी भाषेत बोलू लागली. पुढे कित्येक वर्षे दिल्लीहून आकाशवाणीचीही चिनी सेवा चालली.

याच युद्धकाळात कम्युनिस्टांनी यानआनजवळच्या वांगपिवान खेड्यात आपले केंद्र उभारले. त्याचा प्रक्षेपक चौ एनलाय यांनी १९४० मध्ये मॉस्कोहून आणला होता. ३० डिसेंबर १९४० रोजी प्रसारण सुरू झाले. पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून लोणारी कोळसा जाळून वायू करायचा, त्यावर मोटारीचे इंजिन चालवायचे आणि इंजिनावर जनित्र. प्रक्षेपक डोंगरात खोदलेल्या गुहेत होता. निवेदिकांची खोलीही गुहाच, रॉकेलच्या दिव्यावर चालणारी. १९४३ मध्ये व्हॉल्व्ह निकामी झाले, नवे मिळेनात, आणि केंद्र १९४५ पर्यंत मुके राहिले. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर चाललेले हे केंद्रच १९४९ मध्ये बीजिंगला आले आणि देशाचे मध्यवर्ती केंद्र झाले.

खरी अडचण पुढेच होती. खेड्यांत रेडिओ नव्हते आणि बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. १९५० पासून गावोगावी श्रवणकेंद्रे उघडली. तिथला माणूस बातम्या ऐकून उतरवून घेई आणि फळ्यावर लिही. पण फळा वाचायलाही अक्षरओळख लागतेच. मग १९५२ मध्ये चिलिन प्रांतातल्या च्यौताय तालुक्यात तारेवरची नभोवाणी सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणी रेडिओवर आलेला कार्यक्रम घ्यायचा आणि तारेने गावच्या कर्ण्यांपर्यंत पोहोचवायचा. पुष्कळ ठिकाणी टेलिफोनच्याच तारा वापरत, त्यामुळे प्रसारणाच्या वेळी टेलिफोन बंद. घरातल्या कर्ण्याला एकच तार येई, दुसरे टोक जमिनीत पुरलेले असे. जमीन कोरडी पडली की आवाज बारीक होई. मग बायामाणसे तिथे पाणी ओतत. १९७० च्या दशकात असे कर्णे दहा कोटींच्या वर गेले. केंद्र निवडण्याची सोय त्यात नव्हतीच. सकाळ, दुपार, संध्याकाळ जे येईल ते सगळ्या गावाने ऐकायचे. राज्यकर्त्यांना हे सोयीचे होते, तरी हवामान, शेतीची माहिती आणि स्थानिक नाट्यगीतेही त्याच तारेतून आली, हे विसरून चालणार नाही. १९५६ नंतर प्रमाण भाषेचा प्रसार सरकारने नेटाने सुरू केला. अनेक खेडुतांच्या कानी ती भाषा रोज पडू लागली ती या कर्ण्यांतूनच.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तसे ऐकणाऱ्याला निवड मिळाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा होता. १९८० च्या दशकात मात्र क्वांगतुंगमधले श्रोते बिनधास्त हाँगकाँगची केंद्रे लावू लागले. त्यांना परत खेचण्यासाठी १५ डिसेंबर १९८६ रोजी क्वांगचौमध्ये ‘पर्ल रिव्हर इकॉनॉमिक रेडिओ’ सुरू झाले. आधी लिहून आणलेला मजकूर बाजूला ठेवून निवेदक थेट बोलू लागले आणि श्रोत्यांचे फोन घेऊ लागले. शांघाय, बीजिंग आणि इतर शहरांतल्या केंद्रांनी पुढे हीच पद्धत उचलली.