भट्टी, चूल आणि डोळा

वैद्याने रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांची परंपरा फार जुनी आहे. काय दुखते, केव्हापासून दुखते, खाणेपिणे कसे आहे, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने आग्रहाने लिहिले. तो प्रश्न म्हणजे, 'तुमचा धंदा कोणता?' कारागिरांच्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोडेना येथे प्रसिद्ध झाला. उष्णता, किरण आणि धूर यांनी डोळ्यास होणाऱ्या इजेचा इतिहास पाहिला, तर तो बहुतांशी या एका साध्या प्रश्नाचाच इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

वितळलेल्या काचेच्या भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांचे डोळे बिघडतात, हे रामाझ्झिनीने नमूद केले होते. परंतु कारण कळावयास दोन शतके जावी लागली. डोळ्यातील भिंगाची रचनाच अशी आहे की, त्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे आत शिरलेली उष्णता रक्ताबरोबर वाहून जात नाही. शिवाय भिंगात नवे तंतू वाढत राहतात, पण जुने टाकले जात नाहीत. त्वचेवरील भाजल्याचा डाग काळाने पुसट होतो. भिंगावर उठलेला डाग मात्र आत साठून राहतो. भट्टीतून निघणारे, डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण वर्षानुवर्षे बुबुळातील पडद्यास व भिंगास तापवीत राहतात, आणि अखेर भिंगाच्या मागील बाजूस मोतीबिंदू धरतो.

इंग्लंडात १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली या रोगास लवकरच स्थान मिळाले. रॉयल सोसायटीने समिती नेमली, आणि सर विल्यम क्रुक्स या वृद्ध शास्त्रज्ञाने निरनिराळे धातू मिसळून तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा करून पाहिल्या. लोहयुक्त काच उष्ण किरण अडविते आणि सीरियमयुक्त काच अतिनील किरण अडविते, असे त्यास आढळले. त्याचा निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. काचेने हिरावलेली दृष्टी राखावयास काचच पुढे आली, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. आमच्याकडेही १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. पैसापैसा जमवून पेटविलेल्या त्या भट्टीचा अभिमान बाळगणे योग्यच होते. पण स्वदेशी काच हाती घेताना ती फुंकणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला असेल?

काचकारानंतर पाळी आली ती खुद्द शास्त्रज्ञांची. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, आणि थोड्याच वर्षांत या किरणांनी प्राण्यांच्या डोळ्यातील भिंग गढूळ होते, असे प्रयोगांनी दिसून आले. तरीही सायक्लोट्रॉन यंत्राजवळ काम करणाऱ्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आढळल्याची वार्ता १९४९ साली प्रसिद्ध झाली. हिरोशिमाच्या बाँबमधून वाचलेल्या लोकांतील मोतीबिंदूचे वृत्तही त्याच वर्षी छापले गेले. पुढे हृदयाच्या नळ्यांची तपासणी क्ष-किरणांखाली करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांतही असे डाग सापडले, तेव्हा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ साली भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून, पाच वर्षांची सरासरी धरून, २० वर आणली. धंदा कोणता, हे विचारले म्हणून रोग कळला. रोग कळला म्हणून शिशाच्या काचेचा चष्मा डोळ्यांवर आला.

आता भट्टीवरून चुलीकडे वळू. लाकूडफाटा, गोवऱ्या आणि काटक्या जाळून, फुंकणीने जाळ पेटवीत, कोंडलेल्या स्वयंपाकघरात आपल्या कित्येक आज्या-पणज्यांचा जन्म गेला. डोळ्यांतून पाणी येते, डोळे चुरचुरतात, हे घरात सर्वांस ठाऊक होते; पण ते दुखणे मानले गेले नाही, बायकांच्या वाट्याचे मानले गेले. नेपाळ-भारत सीमेवरील एका इस्पितळात स्त्रियांची तपासणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धुराडे नसलेल्या चुलीचा आणि मोतीबिंदूचा संबंध आढळून आला. धुरातील द्रव्ये शरीरात शिरून भिंगातील प्रथिने बिघडवीत असावीत, असे जाणकारांचे मत आहे. भारत सरकारने उज्ज्वला योजना आणली ती २०१६ साली.

येथे आम्हांस रामाझ्झिनीच्या प्रश्नाची उणीव जाणवते. काचकारास धंदा होता, म्हणून त्याच्या डोळ्यास कायदा मिळाला. शास्त्रज्ञास व डॉक्टरास धंदा होता, म्हणून त्यांस मर्यादेचा आकडा मिळाला. चुलीपुढे बसणारीस मात्र कोणी मालक नव्हता, मजुरी नव्हती, मग नुकसानभरपाई कोण देणार? दवाखान्यात तिला धंदा विचारला, तर ती सहज उत्तर देई, 'मी काही करीत नाही, घरीच असते.' लिहून घेणाराही तेवढेच लिही. त्या उत्तरामागे दिवसाचे कित्येक तास धुरात काढलेले होते, हे त्या कागदावर उमटतच नसे.

रामाझ्झिनीचा प्रश्न जुना झालेला नाही. तो आजही अपुरा विचारला जातो, एवढेच. धंदा कोणता, याबरोबरच 'तुमचा दिवस कोठे व कशापुढे जातो?' असेही विचारले पाहिजे. आणि वैद्याने विचारण्याआधी हा प्रश्न घरातल्यांनीच आपल्या आईस विचारावा, हे अधिक बरे.