स्कूबा डायव्हिंगमधील कानांची निगा

स्कूबा डायव्हिंगमधील कानांची निगा म्हणजे श्वसनयंत्र लावून पाण्याखाली जाताना कानांना होणारी दाबजन्य इजा आणि पाण्यामुळे होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी घ्यावयाची काळजी होय. पाणबुड्यांना होणाऱ्या इजांमध्ये मध्यकर्णाची दाबजन्य इजा (बॅरोट्रॉमा) सर्वाधिक आढळते. त्याखालोखाल बाह्यकर्णनलिकेचा दाह नेहमीचा असून, तो 'जलतरणपटूचा कान' या नावानेही ओळखला जातो. या दोन्ही विकारांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. तथापि दोहोंत कान दुखत असल्याने सर्वसामान्यांकडून त्यांची गल्लत होते.

महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व तारकर्ली ही स्कूबा डायव्हिंगची प्रमुख केंद्रे आहेत. नागपूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरांतून येणारे पर्यटक बहुधा पहिल्यांदाच समुद्रात उतरत असल्याने त्यांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व अधिक आहे.

कानाची रचना

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि आंतरकर्ण असे तीन भाग पडतात. बाह्यकर्णनलिका बाहेरच्या बाजूस उघडी असते व आतल्या टोकाला कानाच्या पडद्याने (कर्णपटलाने) बंद झालेली असते. पडद्यामागील मध्यकर्ण ही हवेने भरलेली लहानशी पोकळी आहे. ती एका अरुंद नलिकेने नाकामागील घशाच्या भागाशी जोडलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून या नलिकेस युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी ही नलिका मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. आंतरकर्णात ऐकण्याचा शंखाकृती अवयव आणि शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो. मध्यकर्ण व आंतरकर्ण यांच्यामध्ये दोन पातळ पटलांनी झाकलेल्या खिडक्या असतात.

दाबाचे कार्य

समुद्रसपाटीवर शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीमागे त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. बॉइलच्या नियमानुसार तापमान स्थिर असताना वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे पृष्ठभागावरून १० मीटर खाली गेल्यास बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे होते. याउलट २० मीटरवरून ३० मीटरवर जाताना ते मूळच्या एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर येते. म्हणजेच सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच घडतो. 'उथळ पाण्यात कानाला धोका नसतो' हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

खाली जाताना बाहेरील पाण्याचा दाब पडद्याला आत ढकलतो. घशाकडून युस्टेशियन नलिकेवाटे मध्यकर्णात हवा गेली, तर दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. तसे न झाल्यास आधी कान दडपल्यासारखा वाटतो व नंतर वेदना सुरू होतात. दाबातील फरक सुमारे ९० मिलिमीटर पारा, म्हणजे समुद्राच्या पाण्यात साधारण सव्वा मीटर खोलीइतका झाला, की नलिकेचे तोंड घट्ट मिटते आणि ती स्नायूंच्या जोराने उघडता येत नाही. यानंतर जोर लावून उपयोग होत नाही. थोडे वर येऊन फरक कमी करणे हाच मार्ग उरतो. तरीही खाली जात राहिल्यास मध्यकर्णाच्या अस्तराला सूज येते, रक्तस्राव होतो व शेवटी पडदा फाटू शकतो. जलतरण तलावाच्या खोल बाजूस तळाशी बुडी मारणाऱ्यांचे कान याच कारणाने दुखतात. मात्र विहिरीत सूर मारताना कानावर पाण्याचा आडवा तडाखा बसून पडदा फाटतो, त्यामागे खोली नव्हे, तर आघात कारणीभूत असतो.

पाणबुड्यांच्या कानाचे पडदे का फाटतात, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या प्राचीन ग्रीक ग्रंथातही विचारलेला आढळतो.

दाब समान करण्याच्या पद्धती

कानातील दाब समान करण्याच्या क्रियेला बोलीभाषेत 'कान मोकळे करणे' म्हणतात. तिच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

व्हालसाल्व्हा पद्धत : नाकपुड्या चिमटीत धरून व तोंड मिटून नाकातून हळुवार हवा सोडण्याचा प्रयत्न केला जातो. इटालियन वैद्य आंतोनियो मारिया व्हालसाल्व्हा यांनी १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कानावरील ग्रंथात तिचे वर्णन केले. नवशिक्यांना बहुधा हीच पद्धत शिकवली जाते. तिच्यात जोर प्रमाणाबाहेर गेल्यास आंतरकर्णाला इजा होण्याचा संभव असतो.

टॉयन्बी पद्धत : नाक धरून आवंढा गिळला जातो. हिचे नाव एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कर्णतज्ज्ञ जोसेफ टॉयन्बी यांच्यावरून पडले आहे.

फ्रेन्झेल पद्धत : नाक धरून व कंठ बंद ठेवून जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. त्यामुळे घशातील हवा छातीचा जोर न लावता नलिकेत जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वैमानिकांसाठी हेर्मान फ्रेन्झेल यांनी ती प्रचारात आणली.

कोणतीही पद्धत वापरली, तरी काही नियम समान आहेत. पाण्यात शिरण्यापूर्वी एकदा कान मोकळे करून पाहावेत. खाली जाताना दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या ते एक मीटरला ही क्रिया करावी. शक्यतो दोरीच्या आधाराने, पाय खाली व डोके वर ठेवून उतरावे. डोके खाली असताना नलिकेच्या अस्तरातील रक्तसंचय वाढतो. कान मोकळा होत नसल्यास थांबून मीटरभर वर यावे व पुन्हा प्रयत्न करावा. तरीही यश न आल्यास ती बुडी रद्द करणे इष्ट असते.

सर्दी, ॲलर्जी व औषधे

सर्दी, सायनसचा दाह किंवा ॲलर्जी असताना युस्टेशियन नलिकेच्या अस्तराला सूज असते. अशा वेळी दाब समान होत नाही, म्हणून पाण्याखाली जाऊ नये. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या वा फवारे यांचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरल्यास वर येताना प्रसरण पावणारी हवा मध्यकर्णात अडकते. यास उलट अवरोध म्हणतात. वर येणे अपरिहार्य असल्याने हा प्रकार खाली जातानाच्या अवरोधापेक्षा अधिक अडचणीचा ठरतो. अशा वेळी थोडे खाली जाऊन, नंतर अगदी सावकाश वर येणे हा उपाय केला जातो. मात्र टाकीतील शिल्लक हवेची मर्यादा पाळावीच लागते.

कानात बोळे

पोहताना वापरले जाणारे घट्ट बोळे स्कूबा डायव्हिंगमध्ये वर्ज्य आहेत. बोळा व पडदा यांच्यामध्ये हवा कोंडली जाऊन तेथे दाबाचा वेगळाच फरक निर्माण होतो आणि बोळा आत ढकलला जाऊ शकतो. कानावर घट्ट बसणारी टोपी किंवा नलिका पूर्ण बंद करणारा मळाचा खडा यांमुळेही हाच परिणाम होतो.

आंतरकर्णाची इजा

जोरदार व्हालसाल्व्हामुळे किंवा दाबातील मोठ्या फरकामुळे आंतरकर्णाच्या खिडकीचे पटल फाटून आतील द्रव झिरपू शकतो. अचानक ऐकू कमी येणे, कानात सतत आवाज होणे, भोवळ व ओकारी ही त्याची लक्षणे होत. योग्य उपचार वेळेवर न झाल्यास श्रवणहानी कायमची राहू शकते. खोल किंवा दीर्घ बुडीनंतर अशीच लक्षणे आंतरकर्णातील विसंपीडन विकारामुळेही दिसतात. त्यात दाबकक्षातील ऑक्सिजन उपचार आवश्यक असतो, तर दाबजन्य इजेत दाबातील नवा बदल घातक ठरू शकतो. त्यामुळे दोहोंतील फरक तज्ज्ञांनी ठरवणे महत्त्वाचे असते. मुंबईतील भारतीय नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नौदल वैद्यक संस्थेत अशा उपचारांसाठी दाबकक्ष आहे.

दोन्ही कानांतील दाब वेगवेगळ्या वेळी समान झाल्यास किंवा एकाच कानात थंड पाणी शिरल्यास क्षणिक भोवळ येते. ती बहुधा काही क्षणांत ओसरते. तोवर स्थिर वस्तूला धरून राहणे सुरक्षित असते.

बाह्यकर्णाचा जंतुसंसर्ग

बाह्यकर्णनलिकेतील मळ हा घाण नसून संरक्षक थर आहे. तो किंचित आम्लधर्मी व पाणी न धरणारा असल्याने जंतूंची वाढ रोखतो. वारंवार पाण्यात राहिल्याने हा थर धुपतो, त्वचा मऊ पडते आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांसारखे जंतू आत शिरतात. ॲस्परजिलस व कॅन्डिडा या बुरशींमुळे होणारा संसर्ग उष्ण व दमट हवेत अधिक दिसतो. कानाला खाज, ओलसरपणा, स्राव व वेदना ही लक्षणे असतात. कानाची पाळी ओढल्यास किंवा नलिकेसमोरील कूर्चा दाबल्यास दुखणे वाढते. मध्यकर्णाच्या इजेत असे सहसा होत नाही. मधुमेही व्यक्तींमध्ये हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरण्याचा धोका असल्याने त्यांनी दुखण्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

प्रतिबंधासाठी पाण्याबाहेर आल्यावर डोके एका बाजूस कलते करून कानातील पाणी निथळू द्यावे, गोड्या स्वच्छ पाण्याने कान विसळावेत व टॉवेलने बाहेरचा भाग टिपावा. कापसाची काडी, केसांची पिन, आगकाडी किंवा किल्ली कानात घालू नये. त्यामुळे त्वचेला ओरखडे पडून संसर्गाला वाट मिळते. दीर्घकाळ पाण्याखाली राहणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी २ टक्के ॲसिटिक आम्लाचे थेंब प्रत्येक कानात पाच मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ आहे. असे थेंब पडदा अखंड असल्याची खात्री असतानाच वापरावयाचे असतात. कानात कोमट तेल सोडण्याच्या घरगुती प्रथेलाही हीच मर्यादा लागू होते : पडदा फाटलेला असल्यास तेल व त्यातील जंतू थेट मध्यकर्णात पोहोचतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ व मासे पाहण्यासाठी येथे पर्यटक बुडी घेतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असल्याने हा व्यवसाय बंद असतो. साधारणपणे ऑक्टोबर ते मे हा हंगाम मानला जातो.

बहुतेक पर्यटक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम न करता प्रशिक्षकाने धरून नेलेली छोटी बुडी घेतात. या प्रकारात खाली जाण्याचा वेग प्रशिक्षकाच्या हाती असतो. कान दुखत असल्याची खूण पर्यटकाला ठाऊक नसेल, तर तो वेदना सहन करत राहतो. पंजा आडवा हलवून 'काहीतरी अडचण आहे' असे दर्शवणे व नंतर कानाकडे बोट दाखवणे, ही त्यासाठीची रूढ खूण आहे. सहलीचे दिवस व पैसे ठरलेले असल्याने सर्दी लपवून पाण्यात उतरण्याचा मोह होतो. वैद्यकीय प्रश्नावलीत कानाची शस्त्रक्रिया, फाटलेला पडदा किंवा वाहता कान यांची माहिती खरी देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नागपूरहून जाणाऱ्यांना शहरातील जलतरण तलावांत कान मोकळे करण्याचा सराव करता येतो. पडद्याची तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून करून घेता येते. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (मेडिकल), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो) आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) या नागपुरातील संस्थांमध्ये अशी सोय आहे.

परतीच्या प्रवासातही काळजी घ्यावी लागते. विसंपीडन विकार टाळण्यासाठी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. सुमारे ६०० मीटरहून अधिक उंचीवरील रस्त्यालाही तो लागू होतो. कोकणातून देशावर येताना लागणारे आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. शिवाय सुजलेल्या कानाने विमानात बसल्यास उतरताना मध्यकर्णाला पुन्हा इजा होऊ शकते.

उपचार व पुन्हा पाण्यात उतरणे

मध्यकर्णाची सौम्य इजा काही दिवसांत बरी होते. या काळात जोराने नाक शिंकरणे व पाण्याखाली जाणे टाळावे लागते. फाटलेला लहान पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोवर कान कोरडा ठेवणे हा उपचाराचा मुख्य भाग असतो. काही प्रतिजैविक थेंब मध्यकर्णात गेल्यास श्रवणास हानिकारक ठरतात, म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना थेंब घालू नयेत. ऐकू कमी येणे, भोवळ, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे किंवा कानातून रक्त येणे या लक्षणांत तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. पडदा पूर्ण भरला असून दाब समान करता येतो, हे डॉक्टरांनी तपासल्यानंतरच पुन्हा बुडी घ्यावी.

हेही पाहा

स्कूबा डायव्हिंग
बॉइलचा नियम
मालवण सागरी अभयारण्य
तारकर्ली
विसंपीडन विकार