लाखाच्या नॅनोचे बेस मॉडेल

टाटा नॅनो २३ मार्च २००९ रोजी मुंबईत बाजारात आली तेव्हा तिची तीन मॉडेल्स होती: स्टँडर्ड, सीएक्स आणि एलएक्स. जगभर गाजावाजा झाला तो यांतल्या पहिल्याचा. एक लाख रुपयांची गाडी म्हणतात ती हीच; बाकीच्या दोघींचा लाखाशी संबंध नावापुरता होता. पण एप्रिलमधील बुकिंग संपून आकडे बाहेर आले तेव्हा चित्र उलटे निघाले. दोन लाखांहून अधिक बुकिंगपैकी निम्मे सर्वांत महागड्या एलएक्सचे होते, तीस टक्के सीएक्सचे, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्या स्टँडर्डला उरले वीस टक्के. गिऱ्हाईक आले होते स्वस्त गाडीसाठी, पण त्यांना स्वस्तातली स्वस्त गाडी नको होती. पुढची नऊ-दहा वर्षे नॅनोच्या मॉडेल्समध्ये जे बदल होत गेले, ते या एका गोष्टीशी जुळवून घेण्याचेच प्रयत्न होते.

नॅनोची मूळ कल्पना रतन टाटा यांनी अनेकदा सांगितली आहे. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब, पुढे उभे मूल, मागे आई आणि तिच्या कुशीत दुसरे, हे दृश्य पाहून या लोकांना चार चाकांवर आणि छपराखाली आणता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला. सुरुवातीला दारांऐवजी पडदे लावलेल्या, रिक्षा आणि मोटार यांच्या मधल्या वाहनाचाही विचार झाला होता. तो मागे पडला आणि पूर्ण मोटारच करायची ठरली. काम टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली झाले; बाह्यरूपाला इटलीतील ट्युरिनच्या आयडिया या संस्थेचा हात लागला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा जाहीर झालेले एक लाख रुपये म्हणजे डीलरला पडणारी किंमत होती. कर आणि वाहतूक त्यावर वेगळी. वर्षभराने ती शोरूममध्ये आली तेव्हा दिल्लीत स्टँडर्ड सव्वा लाखाच्या आसपास, तर एलएक्स पावणेदोन लाखांना टेकलेली होती.

किंमत खाली ठेवण्यासाठी केलेली काटकसर अंगोपांगी दिसत होती. दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या बाजूला, चाल मागच्या चाकांना आणि गिअर चारच. काचेवर एकच वायपर. चाके बारा इंचांची, आणि ती आवळायला चारऐवजी तीन नट. आरसा फक्त चालकाच्या बाजूला. डिकीचे दार उघडतच नसे. पिशव्या ठेवायच्या तर बाजूचे मागचे दार उघडून, सीटची पाठ पुढे पाडून आतून सरकवायच्या, आणि मेकॅनिकला इंजिनापर्यंत पोहोचायचे तरी वाट तीच. पेट्रोलचे झाकण पुढच्या बॉनेटखाली होते. पंपावर नॅनो लागली की नळी घेतलेला पोऱ्या सवयीने गाडीच्या मागच्या अंगाला जाई, मग चालक त्याला हाक मारून पुढे बोलावी आणि बॉनेट वर करी. टाकी अवघी पंधरा लिटरची, त्यामुळे हा प्रसंग वरचेवर घडे. पॉवर स्टीअरिंग कुठल्याच मॉडेलला नव्हते. इंजिन मागे असल्याने पुढची चाके हलकी, तेव्हा त्यावाचून भागेल असा हिशेब होता. ही काटकसर कल्पक होती. सव्वातीन मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाडीत चार मोठी माणसे गुडघे न आखडता बसत, याचे कौतुक टीकाकारांनीही केले. फक्त मालकाला ती काटकसर दररोज हाताशी लागत होती.

तिन्ही मॉडेल्समधला फरक पाहिला की गिऱ्हाइकाचा कल समजतो. स्टँडर्डला तीन साधे रंग, एकरंगी सीट आणि एसी नाही. ब्रेकला बूस्टरही नाही, म्हणजे पायाला जोर लावावा लागे. सीएक्समध्ये एसी आणि हीटर आला, बूस्टरचे ब्रेक आले, सीट दुरंगी झाल्या. एलएक्सला त्यावर पूर्ण कापडी सीट, सेंट्रल लॉकिंग, पुढच्या दोन पॉवर विंडो, फॉग लॅम्प, मोबाइल चार्जिंगची सोय, कप ठेवायची जागा, बॉडीच्याच रंगाचे बंपर आणि मागे स्पॉयलर. एलएक्स रस्त्यावर उभी असली की ती लाखाची गाडी आहे हे लांबून कळत नसे. स्टँडर्ड मात्र काळ्या बंपरवरून आणि खाली केलेल्या काचांवरून चटकन ओळखू येई. आपल्याकडे गाडी घेणे ही घरात पेढे वाटायची गोष्ट; दारात उभ्या केलेल्या गाडीवर ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का शेजाऱ्याला दिसावा, असे कोणालाच वाटत नव्हते.

गाडी मिळायलाही वेळ लागला, त्याचे कारण सिंगूर. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे सुमारे एक हजार एकरांवर कारखाना उभा राहत असताना भूसंपादनाविरुद्ध ममता बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी टाटांनी तेथून माघार जाहीर केली. चार दिवसांत गुजरातेतील साणंद ठरले, पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचा तो कारखाना सुरू व्हायला जून २०१० उजाडला. तोवर उत्तराखंडातील पंतनगरहून जमेल तेवढ्या गाड्या निघत राहिल्या. पहिल्या एक लाख ग्राहकांची नावे म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढून ठरवली गेली आणि पहिली गाडी १७ जुलै २००९ रोजी मुंबईत ग्राहकाच्या हाती पडली. लोकांना गाडी हवी होती तेव्हा ती नव्हती. साणंदचा कारखाना भरभरून गाड्या काढू लागला तोवर उत्साह ओसरला होता.

त्यातच २०१० मध्ये काही नॅनोंना आग लागली. मूळ रचनेत दोष नाही, असे कंपनीने चौकशीनंतर सांगितले आणि धुराड्याच्या व वायरिंगच्या भागांना मोफत जादा संरक्षण बसवून देण्याची तयारी दाखवली. जळणाऱ्या गाडीची छायाचित्रे मात्र घरोघरी पोहोचली होती. जुलै २०१० मध्ये महिन्याला नऊ हजार विकली जाणारी गाडी नोव्हेंबरात ५०९ वर आली. वॉरंटी चार वर्षांची केल्यावर आणि कर्जाच्या सोयी वाढवल्यावर विक्री सावरली. २०११-१२ या आर्थिक वर्षात ७४,५२७ नॅनो विकल्या गेल्या. तिचा सर्वोच्च आकडा हाच, आणि तोही साणंदच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच.

ही गाडी घेत कोण होते, हाही प्रश्न होता. स्कूटरवाल्या कुटुंबासाठी ती आखली होती, पण ते कुटुंब शोरूमची काच ढकलून आत जायला बिचकत होते. पगाराची चिठ्ठी नसलेल्याला कर्ज मिळणे अवघड, आणि मिळालेच तर थोडी जास्त रक्कम घालून जुनी मारुती येत असे. नॅनो घरी नेणाऱ्यांत अनेकांच्या दारात आधीच एक गाडी होती. त्यांना बायकोला बाजारात जायला, मुलाला कॉलेजात जायला शहरातली छोटी गाडी हवी होती. अशा गिऱ्हाइकाला स्टँडर्ड कशाला लागेल?

कंपनीने मग गाडीत भर घालायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०११ मध्ये इंजिनाची ताकद ३८ पीएसपर्यंत वाढली, मायलेज लिटरला २५.४ किलोमीटर झाले, नवे रंग आले, वरच्या मॉडेल्सना डावा आरसा मिळाला. याच सुमारास टायटनच्या गोल्डप्लस या दागिन्यांच्या ब्रँडने ८० किलो सोने आणि १५ किलो चांदीने मढवलेली एक नॅनो प्रदर्शनासाठी फिरवली. किंमत २२ कोटी. स्वस्तपणाचा शिक्का पुसण्याचा याहून महागडा प्रयत्न कल्पनेतही सापडणार नाही. २०१३ मध्ये डॅशबोर्डला खण मिळाले, ब्लूटूथची म्युझिक सिस्टिम आली, आणि जेट, अल्फा, रिमिक्स, पीच अशा नावांचे सजावटीचे संच मिळू लागले. त्याच वर्षी ईमॅक्स हे सीएनजीवरचे मॉडेल निघाले. जाहिरातीतून कुटुंब आणि बचत हळूहळू गेली, तरुण मुले-मुली आणि शहर आले. ‘सर्वांत स्वस्त’ अशी ओळख होऊ दिली ही चूक झाली, असे रतन टाटा यांनी स्वतः २०१३ मध्ये बोलून दाखवले.

जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या नॅनो ट्विस्टमध्ये अखेर इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसले. दिल्लीत तिची किंमत २ लाख ३६ हजार होती. पाच वर्षांपूर्वीच्या स्टँडर्डपेक्षा ती लाखाने जास्त, म्हणजे वाढ तेवढी की त्यात जवळपास एक मूळ नॅनो आली असती. त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले आणि नॅनोला शून्य तारे मिळाले. अल्टो, आय१०, फिगो आणि पोलो यांच्या तपासलेल्या मॉडेल्सनाही शून्यच मिळाले होते, पण त्या गाड्यांना आधीपासूनची बदनामी चिकटलेली नव्हती. २०१३-१४ ची नॅनोची विक्री २१ हजारांवर घसरली.

मे २०१५ मधील जेनएक्स नॅनो ही शेवटची मोठी डागडुजी. डिकीचे दार उघडू लागले, टाकी २४ लिटरची झाली, आणि क्लच न दाबता चालणारा एएमटी गिअरबॉक्स आला. स्टँडर्ड, सीएक्स, एलएक्स ही नावे गेली. त्यांच्या जागी एक्सई, एक्सएम, एक्सटी आणि एएमटीसाठी एक्सएमए, एक्सटीए ही अक्षरे आली. बेस मॉडेल अर्थात उरलेच होते, फक्त ‘स्टँडर्ड’ हा शब्द गेला. दिल्लीत किमती १ लाख ९९ हजारांपासून २ लाख ८९ हजारांपर्यंत होत्या. गंमत अशी की, ही जितकी चांगली नॅनो होती तितकीच ती घेण्याचे कारण कमी झाले होते. पावणेतीन लाख खर्चायचेच तर मारुतीची अल्टो समोर होती आणि चार महिन्यांत रेनोची क्विड २ लाख ५७ हजारांपासून बाजारात उतरली. उंच बांध्याची ती गाडी छोट्या एसयूव्हीसारखी दिसे आणि कोणी तिला स्वस्त म्हणून नाक मुरडत नसे. २०१६-१७ मध्ये नॅनो विकल्या गेल्या ७,५९१.

ऑक्टोबर २०१६ मध्ये टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून दूर केलेल्या सायरस मिस्त्री यांनी संचालकांना लिहिलेल्या पत्रात, नॅनो सतत तोट्यात आहे आणि भावनिक कारणांमुळे ती बंद करण्याचा निर्णय होत नाही, असे म्हटले. टाटा समूहाने त्यांचे आरोप नाकारले. साणंदला त्याच वर्षी टियागो ही नवी छोटी गाडी सुरू झाली होती आणि कारखान्याचा भार हळूहळू तिच्याकडे गेला. जून २०१८ मध्ये साणंदहून एकच नॅनो बाहेर पडली. त्याआधीच्या वर्षी त्याच महिन्यात २७५ निघाल्या होत्या. २०१९ मध्ये उत्पादन झालेच नाही, फेब्रुवारीत एक गाडी विकली गेली तेवढीच. धडक-चाचणीचे नवे नियम आणि एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष पाळायला गाडीवर मोठा खर्च करावा लागला असता, तो केला गेला नाही. दहा वर्षांत विकल्या गेलेल्या नॅनोंची बेरीज तीन लाखांच्या आतबाहेर भरते, म्हणजे साणंदच्या कारखान्याला पूर्ण क्षमतेने साधारण सव्वा वर्ष पुरेल इतके काम. सिंगूरची जमीन परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजीच दिला होता. तेथील गुंतवणुकीपोटी टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाख रुपये व्याजासह द्यावेत, असा लवादाचा निवाडा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला.