‘ओपन सोर्स’ या नावाची जन्मकथा

बेळगावच्या बाजारात कानडी पाटीवर ‘उचित’ असे लिहिलेले दिसले, की मराठी शाळेत शिकलेला माणूस क्षणभर घोटाळतो. आपल्याकडे उचित म्हणजे योग्य. कानडीत उचित म्हणजे फुकट. शब्दांच्या अशाच एका घोटाळ्यातून संगणकाच्या जगात एक नवे नाव आले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ आरंभली. फ्री म्हणजे मुक्त. प्रणाली आतून कशी चालते ते कोणीही पाहावे, बदलावे, दुसऱ्यास द्यावे. पण इंग्रजीत फुकटालाही फ्रीच म्हणतात! मराठीत हे शब्द वेगळे आहेत. इंग्रजीची मात्र इथे पंचाईत होते. नवख्या माणसाचे लक्ष किमतीवरच अडे.

यावर तोड काढली क्रिस्टीन पीटरसन यांनी. त्या प्रोग्रॅमर नव्हत्या; कॅलिफोर्नियातील फोरसाइट इन्स्टिट्यूटचे काम पाहत. २२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि नावाचा प्रश्न निकडीचा झाला. पीटरसनबाईंच्या मनात ‘ओपन सोर्स’ हे नाव होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काही तंत्रज्ञ विचारविनिमयासाठी जमले. बहुतेकांना बाईंची ओळख नव्हती. ‘माझा शब्द वापरा’ असे एकदम कसे सांगावे? त्या गप्प बसल्या. त्यांचे सहकारी टॉड अँडरसन यांनी भलत्याच विषयावर बोलताना तो शब्द सहज पेरला. थोड्या वेळाने तो दुसऱ्याच्याही तोंडी आला, त्याच्या लक्षातही न येता. दोघांनी एकमेकांकडे हळूच पाहिले. घरच्या बैठकीत आपले म्हणणे दिराच्या तोंडून वदवणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती शिकवावी लागली नसती.

हे बाई म्हणून झाले की परक्या म्हणून, ते पीटरसनबाई सांगत नाहीत. मला दोन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत. नवख्यांना दार उघडावे म्हणून घडवलेले नाव, घडवणारीला मात्र त्याच दारात थांबावे लागले.

स्टॉलमन यांना हे नाव कधीच पटले नाही; त्यात स्वातंत्र्याचा मुद्दा झाकला जातो, असे ते म्हणतात, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. तरी नाव रुजले. पीटरसनबाईंनी आपली हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली ती २०१८ साली, वीस वर्षांनी. तीतही आपला वाटा लहानसा म्हणून प्रचाराचे मोठे श्रेय त्यांनी एरिक रेमंड आणि टिम ओरायली यांना दिले आहे. मात्र कोणी आठवणीने आपले नाव घेतले की बरे वाटते, हेही त्यांनी लपवलेले नाही.