परमिट रूम, ट्रम्पेट आणि ढोलकी

सोलापूर-धुळे महामार्गाने धाराशिवहून येरमाळ्याकडे निघाले की दोन्ही अंगांना ढाब्यांच्या पाट्या लागतात. त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवर 'परमिट रूम' अशी ठळक अक्षरे असतात. एम. ए.च्या वर्गात महानगरीय साहित्य शिकवताना एका विद्यार्थ्याने आम्हाला सहज विचारले, "सर, कसलं परमिट? तिथं तर कुणीच परमिट मागत नाही." आम्ही विभागातले तिघेही त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे शोध घेत गेलो तो मुंबईच्या चर्चगेट स्ट्रीटवर आणि धोबीतलावाच्या गल्ल्यांत जाऊन पोहोचलो. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

परमिट हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आला. त्या कायद्यानुसार प्रकृतीच्या कारणास्तव मद्य लागते असे सांगून परवाना काढावा लागे, आणि परवानाधारकाने जिथे बसून प्यायचे ती खोली म्हणजे परमिट रूम. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. तो हैदराबाद राज्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला. म्हणजे हा शब्द आमच्याकडे मागाहून आला आणि आता त्याचा अर्थ गळून नुसती पाटी उरली आहे. मुंबईत मात्र या कायद्याने एका संगीताचे दिवस पालटले. ते संगीत म्हणजे जॅझ.

मुंबईत जॅझ होते, आणि ते चांगल्या प्रतीचे होते, हे मराठीच्या अभ्यासकांना सहसा ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) आणि ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या दोन इंग्रजी ग्रंथांनी हा इतिहास उजेडात आणला. मराठीत त्या तोलाचे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. वेदरफर्ड शिकागोहून निघून शांघाय करीत हिंदुस्थानात पोहोचला होता. १९४५ मध्ये कलकत्त्याला पटकीने त्याचा अंत झाला. स्वतःच्या देशात ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, ते वादक इथे संस्थानिक, साहेब आणि पारशी शेठ यांच्या नाचासाठी वाजवत होते. वर्णभेदापासून सुटलेला माणूस साम्राज्याच्या दिवाणखान्यात येऊन मोकळा श्वास घेतो, हा विरोधाभास एखाद्या कादंबरीकाराला कसा दिसला नाही याचे आम्हाला नवल वाटते.

या बॅण्डांतल्या रिकाम्या जागा गोव्याच्या तरुणांनी भरल्या. त्याचे कारण वाद्ये आणि नोटेशन यांत आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडून असलेल्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवत. गावचा 'मेस्त' छडी घेऊन सोल्फेज घोकून घ्यायचा आणि हाती व्हायोलिन द्यायचा. शेती थोडी, नोकऱ्या नाहीत. तेव्हा हे शिक्षण घेऊन मुलगा मुंबईची वाट धरी. धोबीतलावाच्या आसपास प्रत्येक गावाची 'कूड' असे, म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीने चालवलेली राहण्याची खोली. कोपऱ्यात वेदी, भिंतीला लागून ट्रंका, त्या ट्रंकांवर पथारी. गिरणगावातल्या आपल्या मंडळींच्या गावकीच्या खोल्या ज्यांनी ऐकल्या-वाचल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आल्फ्रेड या इराण्याकडे वादक जमत, आणि बॅण्डमास्तर तिथेच येऊन रात्रीपुरते माणूस ठरवीत. आमच्याकडे नाक्यावर मजूर ठरतात तसे, फक्त हातात फावड्याऐवजी सॅक्सोफोनची पेटी.

या मंडळींतला सर्वांत लखलखीत माणूस म्हणजे आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्याला 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखत असे आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून मिरवत असे. त्याचा जन्म १९१६ चा. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख हेही १९१६ चेच. एक ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत होता, दुसरा कामगार मैदानावर डफ. एकाच शहरात, एकाच दशकात गाजलेले हे दोन आवाज एकमेकांना कधी ऐकू आले असतील का, हा प्रश्न आमचा पाठपुरावा सोडत नाही. आमच्या अभ्यासक्रमात अमर शेख आहेत, असायलाच हवेत. पण मुंबईचा दुसरा कान आम्ही बंद ठेवला.

१९४७ नंतर गोरे श्रोते गेले, पाठोपाठ संस्थानिकांचे तनखे आणि थाट उतरणीला लागले, आणि १९४९ मध्ये दारूबंदी आली. मद्याशिवाय नाचघर कसे चालणार? हॉटेलांनी बॅण्ड लहान केले. मिकी कोरिया यांचा बॅण्ड ताजमध्ये १९६१ पर्यंत टिकला, पण तसे थोडेच. आणि इथेच मराठी माणसाचा संबंध येतो. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला चित्रपटाच्या स्टुडिओत आणले. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात तेव्हा मागे वाजणारे ट्रम्पेट चिकचे आहे. इतकेच नव्हे तर चिक आपल्या बॅण्डसह पडद्यावरही दिसतो. भगवान पालव हे गिरणी कामगाराचे पोर. पुणतांबा, गिरणगाव आणि आल्दोना अशी तीन ठिकाणे त्या तीन मिनिटांत एकत्र आली. आमच्या आईवडिलांच्या पिढीने तंबूच्या टॉकीजमध्ये ती गाणी ऐकली, त्यावर पैसे फेकले. ते जॅझवर पैसे फेकत होते हे त्यांना कोणी सांगितले नाही.

काम कसे चाले हे समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल बसवी. शंभर वाद्यांच्या ताफ्यासाठी ती चाल कागदावर उतरवणे, व्हायोलिन कुठे चढवायचे, ट्रम्पेट कुठे तोडायचे, दोन ओळींमधली रिकामी जागा कशाने भरायची, हे सारे 'अरेंजर' करी. शंकर-जयकिशनकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करीत, जे फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवत होते. श्रेयनामावलीत अशांना 'सहायक' म्हणून जागा मिळाली तर मिळाली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले ते थेट गावी. १९७७ मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचे नाव घातले, तेव्हा साऱ्या देशाने ते नाव गुणगुणले आणि देशातल्या फारच थोड्यांना ते खऱ्या माणसाचे आहे हे कळले. २०१२ मध्ये ते वारले.

दारूबंदीनेच एक विचित्र गोष्टही घडवली. मद्य विकता येईना तेव्हा चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या, रेस्टॉरंटांनी कॉफी-केकबरोबर संगीत विकायला काढले. गेलॉर्ड, बॉम्बेली, अँबॅसेडर, अस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस. पन्नास-साठच्या दशकांत फर्लांगभर अंतरात रोज संध्याकाळी अनेक बॅण्ड वाजत असत. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी यांच्या ट्रम्पेटसोबत लॉर्ना कोर्देरो गात. पुढे लॉर्ना दीर्घकाळ मौनात गेल्या आणि १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. त्या दोघांच्या कहाणीवरून प्रेरित 'नाचुंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट २०१४ चा आहे. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आणि आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये भारतात येऊन गेले. शीतयुद्धात जॅझ हा अमेरिकेचा राजदूत होता, हेही विसरू नये. १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि धोबीतलावच्या रंगभवनात, कूडींपासून हाकेच्या अंतरावर, सॉनी रोलिन्स वाजवून गेला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मुके झाले. असो.

आता आमच्या महामार्गाकडे परत येतो. येरमाळ्याच्या अलीकडे चोराखळीच्या माळावर कला केंद्रे आहेत. संगीत बारीची थिएटरे म्हणा. साहित्याच्या अध्यापकांनी तिथे जाऊ नये असा एक अलिखित दंडक आहे. तो आम्ही एकदा मोडला. पत्र्याचे छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर लहानसा रंगमंच. पेटीवाला वयस्क होता. ढोलकीवाल्याने हात गरम करायला म्हणून जे चार-पाच मिनिटे वाजवले ते त्या रात्रीतले उत्तम वादन, आणि ते कोणी ऐकत नव्हते. मग लावणी झाली, एकच. बसून, अदेने, जुन्या रीतीची. गाणाऱ्या बाईंनी एक ओळ सात-आठ प्रकारे फिरवली आणि प्रत्येक वेळी ढोलकीवाला तिला नवे उत्तर देत होता. ठरलेल्या चालीच्या आत आयत्या वेळी नवे निर्माण करणे, हीच तर जॅझची व्याख्या आम्ही पुस्तकात वाचली होती. त्यानंतर मागच्या रांगेतून फर्माईश आली, स्पीकरवर चित्रपटाचे तयार गाणे लागले, आणि पेटीवाल्याने पेटीवर हात ठेवून जांभई दिली.

ही तुलना आम्ही ओढूनताणून करीत नाही. जॅझचा जन्म न्यू ऑर्लिन्सच्या ज्या वस्त्यांत झाला त्यांत स्टोरीव्हिल ही सरकारने आखून दिलेली वेश्यावस्ती होती. १९१७ मध्ये ती बंद करण्यात आली. तिथे पियानो वाजवणाऱ्यांना आज त्या देशाच्या अभिजात परंपरेचे जनक मानतात. आमच्याकडे यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली, भूषण कोरगावकरांचे 'संगीत बारी' (२०१४) आले, हे खरे. पण त्याच परंपरेच्या पोटातली वेदना किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये लिहिली, तिचीही आठवण ठेवावी लागते. बारीचे गोडवे गाताना त्या बाईच्या पायातल्या पाच किलोच्या चाळांचे वजन विसरणारा रसिक आम्हाला नको आहे. आम्ही स्वतः तसे रसिक झालो आहोत का, ही शंका त्या रात्री परतताना गाडीत कोणीतरी बोलून दाखवली आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

कायद्यानेही ही प्रतवारी केली. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने डान्सबारवर बंदी घातली, पण तीन तारे व त्याहून वरच्या हॉटेलांना तीतून वगळले. म्हणजे नाच तोच, परंतु महाग खुर्चीवर बसून पाहिला तर नीती शाबूत राहते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेद अमान्य केला. २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टीप द्यायला परवानगी दिली, पैसे उधळायला मात्र मनाई कायम ठेवली. टीप आणि दौलतजादा यांतली सीमारेषा न्यायमूर्तींना आखावी लागली, यातच या विषयाचा सारा इतिहास आला आहे. ताजमधल्या बॅण्डला पाठवलेली नोट टीप होती, बारीत ढोलकीवर ठेवलेली नोट दौलतजादा, आणि बारमध्ये फेकलेली नोट गुन्हा.

गिरणगावात लालबागला हनुमान थिएटर होते. तमाशाचे फड तिथे उतरत, पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून बसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे तो प्रेक्षकच उरला नाही. डिसेंबर २००७ मध्ये, तिथून फार लांब नाही अशा लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हा संगीतबार उघडला. जिवंत संगीताच्या दृष्टीने ती उत्तम जागा होती, यात वाद नाही. उत्तमोत्तम वादक तिथे वाजवून गेले. २०१६ मध्ये तीही बंद झाली. त्याच वर्षी काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाऊस'ही बंद झाले. सुर्व्यांची कविता शिकवताना आम्ही गिरणीचा भोंगा शिकवतो. त्याच गिरणीत पंचवीस वर्षांनी सॅक्सोफोन वाजला, हे वर्गात सांगावे की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, सांगू नये, तो दुसऱ्या वर्गाचा इतिहास आहे. दुसऱ्याचे म्हणणे, ट्रंकेवर झोपणारा चिक चॉकलेटचा सोबती कोणत्या वर्गाचा होता?

त्या विद्यार्थ्याला आम्ही परमिटचा अर्थ सांगितला. 'अलबेला'तले गाणे वर्गात ऐकवले आणि ट्रम्पेट कुठे येते ते बोटाने दाखवले. तो येरमाळ्याच्या बाजूचा. तास संपल्यावर थांबून म्हणाला, की त्याचे चुलते बारीत पेटी वाजवायचे, आता लग्नाच्या बॅण्डमध्ये कॅसिओ वाजवतात. हे त्याने दोन वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. आम्ही त्यांचा फोन नंबर घेतला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचे ठरते आहे. पेटी अजून घरात आहे, असे तो म्हणाला.