दाता क्रमांकापासून गोतावळ्यापर्यंत : डोनर सिब्लिंग रजिस्ट्रीची वाटचाल

सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वेंडी क्रेमर आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा रायन यांनी याहूवर एक छोटा गट सुरू केला. रायनचा जन्म दात्याच्या शुक्राणूंपासून झालेला. हे त्याच्यापासून कधी लपवले नव्हते. त्याच दात्याची आणखी मुले कुठेतरी असणार, ती कशी शोधायची, एवढाच प्रश्न होता. शुक्राणुपेढीकडून दाद लागली नाही. दात्याच्या अनामिकतेच्या हमीवरच तो सारा व्यवहार उभा होता. पेढीने जे केले नाही, ते मायलेकांनी घरून करायला घेतले. ‘डोनर सिब्लिंग रजिस्ट्री’चा हा प्रारंभ.

पद्धत साधी होती. आईवडिलांच्या कागदपत्रांत सहसा दात्याचा क्रमांक तेवढा असे. पेढीचे नाव आणि तो क्रमांक नोंदवायचा. दुसऱ्या कुणी तोच क्रमांक नोंदवला की दोन घरांची गाठ पडायची. अर्थात, नोंदी भरल्याशिवाय अशा वहीला किंमत नसते, आणि सुरुवातीला त्या मोजक्याच होत्या. २००३ मध्ये स्वतंत्र संकेतस्थळ झाले. ते चालवायचे तर सभासदांकडून वर्गणी घेणे ओघानेच आले.

२००५ हे वर्ष निर्णायक ठरले. पंधरा वर्षांच्या रायनने गालाच्या आतून पुसलेला नमुना वंशावळ शोधणाऱ्या एका कंपनीकडे पाठवला. दात्याने स्वतःचा डीएनए कुठेही दिलेला नव्हता. तरीही नऊ महिन्यांनी दोन पुरुषांचा वाय-गुणसूत्राचा आराखडा रायनशी जुळला. दोघांचे आडनाव एकच, फक्त लिहिण्यात थोडा फरक. दात्याची जन्मतारीख आणि जन्मगाव आईला ठाऊक होते. त्या दिवशी त्या गावी जन्मलेल्यांची यादी विकत घेतली, तर तिच्यात त्या आडनावाचा एकच माणूस निघाला. दहा दिवसांत संपर्क झाला. अनामिकतेची हमी कोणतीही पेढी यापुढे देऊ शकणार नाही, हे त्याच वर्षी स्पष्ट झाले.

नोंदवही वाढवली ती अनेक हातांनी. आघाडीवर होत्या एकल माता आणि समलिंगी जोडपी. ज्या घरात वडील आहेत तिथे गुपित झाकता येते. यांच्याकडे मुलाचा प्रश्न लवकरच दारात उभा राहतो. काही दाते आपणहून पुढे आले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी सभासदांच्या मदतीने अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ७९१ पालकांचे अनुभव आहेत. लहानपणीच खरे कळलेल्या मुलांपेक्षा मोठेपणी कळलेल्यांच्या मनात राग अधिक, असेही त्याच अभ्यासमालेत दिसले. संस्था मुलांना लवकर सांगण्याचा आग्रह धरते, त्याला त्यामुळे आधार मिळाला.

वाढीबरोबर अस्वस्थ करणारी माहितीही पुढे आली. २०११ मध्ये एकाच दात्याच्या १५० मुलांचा गट वृत्तपत्रांत गाजला. अमेरिकेत अशा जन्मांची मोजदाद ठेवणारी सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे हा आकडाही कुटुंबांनीच जुळवलेला. त्यात आजाराचा धोका वेगळा : २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने नोंदवलेल्या प्रकरणात एका दात्याच्या २४ मुलांपैकी नऊ जणांना हृदयाचा आनुवंशिक विकार उतरला होता आणि त्यातले एक मूल दोन वर्षांचे असताना दगावले. कौटुंबिक आजाराची खबर दुसऱ्या घरी पोचवणे हेही मग नोंदवहीचे काम झाले, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे.

आजवर वीस हजारांहून अधिक माणसांना तिच्यामुळे भावंडे किंवा दाते सापडले आहेत. सणाला एकत्र जमणारी, मुलांच्या सुट्ट्या मिळून आखणारी, एरवी परस्परांशी काहीच संबंध नसलेली घरे त्यात आहेत. काहींचे मात्र जमले नाही. काही दात्यांनी उत्तरच दिले नाही.

कोलोरॅडोने २०२२ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे जमा होणाऱ्या दानातून जन्मणाऱ्या मुलाला अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येईल. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असा कायदा नाही. तिथे नोंद ठेवण्याचे काम अजून कुटुंबांकडेच आहे.