सत्तांतर आणि परराष्ट्र धोरण : जनता सरकारचा कालखंड (१९७७-१९७९)

प्रस्तावना :
सत्तांतर झाले की देशाचे परराष्ट्र धोरणही बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव होऊन मोरारजी देसाई यांच्या नेतृत्वाखाली केंद्रात प्रथमच बिगरकाँग्रेस सरकार सत्तेवर आले. अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. या सरकारच्या कारकिर्दीच्या आधारे प्रस्तुत लेखात हा समज तपासला आहे.

अलिप्ततेची कसोटी :
इंदिरा गांधींच्या काळात भारत सोव्हिएत संघाकडे झुकला, अशी टीका जनता पक्षाचे नेते करीत. म्हणून नव्या सरकारने 'खऱ्या अलिप्तते'चा पुरस्कार केला. त्यामुळे ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराचे भवितव्य काय, असा प्रश्न निर्माण झाला. प्रत्यक्षात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको एप्रिल १९७७ मध्येच दिल्लीस आले आणि करार कायम राहिला. शस्त्रसामग्रीसाठीचे अवलंबित्व निवडणुकीच्या निकालाने संपणारे नव्हते. दुसरीकडे, जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर भारतभेटीवर आले. तथापि तारापूरच्या अणुइंधनाचा वाद मिटला नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वाक्षरी न करण्याची पूर्वीची भूमिकाही देसाई सरकारने सोडली नाही.

शेजारी राष्ट्रांशी संबंध :
नोव्हेंबर १९७७ मध्ये बांगलादेशाशी फराक्का येथील गंगाजलवाटपाचा करार झाला. फेब्रुवारी १९७८ मध्ये वाजपेयींनी पाकिस्तानला भेट दिली आणि एप्रिलमध्ये सलाल धरणाविषयी उभय देशांत करार झाला. पाकिस्तानविषयी कठोर भूमिका घेणाऱ्या जनसंघाचा नेताच वाटाघाटी करीत असल्याने देशांतर्गत विरोधाची धार बोथट झाली, हा सत्तांतराचा खरा परिणाम होय. मात्र पाकिस्तानशी राजनैतिक संबंधांची पुनःस्थापना आणि चीनमध्ये राजदूताची नियुक्ती या गोष्टी इंदिरा गांधींच्याच सरकारने १९७६ मध्ये केल्या होत्या, हे विसरता येत नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर आक्रमण केले आणि त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला. नव्या सरकारच्या इच्छाशक्तीलाही बाह्य घटनांची मर्यादा पडते, हे यातून स्पष्ट झाले.

समारोप :
सत्तांतराने परराष्ट्र धोरणाची भाषा, अग्रक्रम आणि पुढाकार घेण्याची क्षमता बदलते. भौगोलिक स्थान, संरक्षणाच्या गरजा आणि पूर्वीची बांधिलकी बदलत नाही. म्हणूनच केवळ शपथविधीच्या तारखांवरून परराष्ट्र धोरणाचे कालखंड पाडणे इतिहासाच्या अभ्यासात दिशाभूल करणारे ठरते.